मुलाखतीनंतरचे दिवस

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पनवेल येथे झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचा हा कार्यक्रम योजला आणि त्यात चार शब्द बोलण्यासाठी माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला पाचारण केले, याबद्दल मी विश्वस्तांचा मनःपूर्वक ऋणी आहे. खरे पाहता या व्यासपीठावर एखादे डॉक्टर किंवा प्राचार्य अधिक शोभले असते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्यातील चाळीसहून अधिक वर्षे कापड मोजण्यात आणि फाडण्यात गेली. परंतु अध्यक्षांनी विषय सांगितला तेव्हा मला नकार देता आला नाही. वैद्यकीय प्रवेशाची मुलाखत झाल्यावर निकाल हाती येईपर्यंतचे दिवस मुलांनी आणि पालकांनी कसे काढावेत, असा तो विषय. हे दिवस माझ्या वाट्याला दोनदा आले. एकदा उमेदवार म्हणून, १९७८ साली. आणि पुन्हा घरातील वडीलधारा म्हणून, २०२३ साली. पहिल्या वेळी मी आणि माझे वडील, दोघेही चुकलो. ती चूक कोणती, हे सांगण्याइतका अधिकार मला निश्चितच आहे.

१९७८ साली मी बारावी झालो. त्या काळी राज्यातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे. स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत घेणाऱ्या संस्था देशात मोजक्याच होत्या. गुणांच्या जोरावर मुंबईत जागा मिळण्याइतके माझे गुण नव्हते. परंतु अशा एका संस्थेची लेखी परीक्षा मी उत्तीर्ण झालो आणि मुलाखतीचे पत्र आले. संस्थेचे नाव मी घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. वडील दुकान मुनीमजींच्या हवाली करून माझ्यासोबत निघाले. आधी एस.टी., मग आगगाडी, असा तो प्रवास होता.

मुलाखतीला टेबलापलीकडे चार जण बसले होते. डॉक्टर का व्हायचे आहे, वडील काय करतात, असे नेहमीचे प्रश्न झाले. मग मधल्या खुर्चीवरील ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले, "तुमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत ना? मग वसतिगृहात कसे जमवाल?" मी म्हणालो, "सर, मी जमवून घेईन." ते हसले आणि म्हणाले, "छान, छान." एवढेच झाले आणि मी बाहेर आलो.

बाहेर बाकावर वडील बसले होते. त्यांनी माझ्याकडून प्रत्येक प्रश्न शब्दशः वदवून घेतला आणि वसतिगृहाचा प्रश्न ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "अरे, घ्यायचे नसते तर तुझ्या जेवणाची चौकशी कशाला केली असती?" परतीच्या संपूर्ण प्रवासात आम्ही त्या "छान, छान" चाच अर्थ लावीत होतो. दोनदा म्हणाले, म्हणजे नक्कीच. हसून म्हणाले, म्हणजे तर प्रश्नच नाही.

पनवेलला परतल्यावर वडिलांनी बाजारात कोणाला मुद्दाम सांगितले नाही; परंतु न सांगताही सर्वांना कळले. दुकानातील उत्तम पांढऱ्या ड्रिलच्या ताग्यातून त्यांनी स्वतःच्या हाताने कापड फाडले आणि शिंप्याला बोलावून माझ्या मापाचा डॉक्टरी कोट शिवायला टाकला. एक पत्र्याची ट्रंक आली. त्याच सुमारास औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे अर्ज निघाले होते. मी विचारले तेव्हा वडील म्हणाले, "आता दुसरीकडे पैसे भरून काय करायचे?" मलाही ते पटले. खरे सांगायचे तर मला ते पटायलाच हवे होते; कारण दुसरा अर्ज भरणे म्हणजे पहिल्यावर अविश्वास दाखविणे, असे मनाने घेतले होते. ती मुदत निघून गेली. विज्ञान शाखेच्या प्रवेशाची मुदतही गेली.

रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहण्यात जुलै संपला. ऑगस्टच्या अखेरीस पत्र आले. त्यात दोन ओळी होत्या. निवड झाली नव्हती.

उशिरा का होईना, वाणिज्य शाखेत जागा मिळाली आणि मी बी.कॉम. झालो. मित्रांनो, वाणिज्य शाखेला मी कमी लेखत नाही. तिनेच मला हिशेब शिकविला, तिच्यावरच माझा संसार उभा राहिला. सल इतकाच की, ती मी निवडली नव्हती; बाकीचे सर्व दरवाजे बंद झाल्यावर ती उरली होती. आणि ते दरवाजे त्या संस्थेने बंद केले नव्हते. "छान, छान" या दोन शब्दांच्या भरवशावर आम्हीच ते बंद होऊ दिले होते. कापड वाया घालवायचे नाही, हा आमच्या घरचा नियम. वडिलांनी तो पांढरा कोट खाकी रंगवून घेतला आणि गुदामात गाठी सोडणाऱ्या माणसाला दिला. पुढे चार-पाच वर्षे तो कोट रोज माझ्यासमोर वावरत असे. वडील त्याविषयी कधी बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

आता यातला मुद्दा काय, तो माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. कापडाच्या दुकानात दिवसभर आम्ही माणसांचे चेहरेच वाचत असतो. गादीवर बसून मी एक गोष्ट शिकलो. जे गिऱ्हाईक प्रत्येक साडीला "फारच सुरेख हो" म्हणते, ते बहुधा "जरा जाऊन येतो" म्हणून उठते. जे कपाळाला आठ्या घालते, पदर उलटा करून पाहते, "रंग जाणार नाही ना?" असे तीनदा विचारते, ते पुष्कळदा घेऊन जाते. पण थांबा, हाही नियम समजू नका. कारण आठ्या घालणारेही रिकाम्या हाताने जातात आणि सुरेख म्हणणारेही कधी पाच साड्या घेतात. इतक्या वर्षांनंतरही माझा अंदाज चुकतो. म्हणून वडिलांनी मला पहिल्याच दिवशी शिकविले होते की, बिल फाटेपर्यंत विक्री धरायची नाही. दुकानात हा नियम कटाक्षाने पाळणारे माझे वडील मुलाच्या बाबतीत मात्र बिल फाटण्यापूर्वीच विक्री धरून बसले. प्रेमात असे होते. आपण सर्व पालक आहोत. आपल्याला हे समजू शकते.

मुलाखत घेणाऱ्याचे सौजन्य हे त्याचे संस्कार असतात, त्याचा निर्णय नव्हे. समोरच्या घाबरलेल्या मुलाला धीर यावा म्हणून तो हसतो; नापसंत उमेदवाराकडे पाहूनही हसतो, कदाचित थोडे अधिकच हसतो. उलट एखाद्याला कठीण प्रश्न विचारले जातात ते त्याची कुवत अजमावण्यासाठी. मुलाखत लवकर संपली, याचे कारण मंडळाचे समाधान झाले हेही असू शकते आणि जेवणाची वेळ झाली हेही असू शकते. दाराबाहेरून या दोहोंतील फरक कळत नाही.

शिवाय निर्णय त्या खोलीत होतो, हाच मुळी आपला गैरसमज. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण ए.एफ.एम.सी. म्हणतो. १९४८ साली स्थापन झालेली ही संस्था आजही मुलाखत घेते. आज देशभर एम.बी.बी.एस.चे प्रवेश नीटच्या गुणांवर होत असताना हा एक ठळक अपवाद उरला आहे. तेथील अलीकडची पद्धत अशी आहे. नीटच्या गुणांवरून निवडलेल्या उमेदवारांना पुण्याला बोलावितात. तेथे इंग्रजी भाषा, आकलन आणि तर्क यांची ८० गुणांची संगणकावरील चाचणी होते, मानसशास्त्रीय चाचणी होते आणि मग मुलाखत. नीटचे ७२० आणि चाचणीचे ८० मिळून झालेले ८०० गुण २०० वर आणतात, मुलाखतीला ५० गुण असतात आणि २५० पैकी अंतिम गुणवत्ता ठरते. त्यानंतर वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते.

व्यापाऱ्याच्या हिशेबाने सांगायचे तर मुलाखत म्हणजे रुपयातले वीस पैसे. उरलेले ऐंशी पैसे खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वीच मोजून झालेले असतात. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला तुम्ही कितीही आवडलात तरी तुमच्या आधी आणि नंतर आलेल्यांचे ऐंशी पैसे किती, हे तुम्हाला कोठून कळणार? भारतीय उमेदवारांसाठीच्या सुमारे १४५ जागांपैकी मुलींसाठी तर केवळ ३० जागा असतात. म्हणजे मुलाखत उत्तम होऊनही नाव न लागणे आणि साधारण होऊनही नाव लागणे, या दोन्ही गोष्टी हिशेबाला धरूनच आहेत.

प्रत्येक संस्थेची माणसे पारखण्याची रीत निराळी असते. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. नीट येण्यापूर्वी तेथील प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर असे आणि सुरुवातीच्या काळात मुलाखतही होत असे. विद्यार्थ्यांनी खादी वापरावी, नव्या तुकडीने प्रथम पंधरा दिवस आश्रमात राहावे, असा तेथील शिरस्ता. साहजिकच मुलाखतीला खादी घालून गेले की निम्मे काम झाले, असे काहींना वाटत असणार. मी कापडवाला आहे. आदल्या दिवशी घेतलेल्या सदऱ्याची खळ आणि घडी मी चार हातांवरून ओळखतो. तेथील अनुभवी मंडळींना ती ओळखता येत नसेल, असे समजण्याचे कारण नाही. सांगायचे हे की, आपण त्यांची खूण वाचू पाहतो तेव्हा तेही आपल्या खुणा वाचत असतात. आणि घाईने अंगावर चढविलेली खूण दोन्ही बाजूंना फसविते.

तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा या पारखीवर इतका विश्वास होता की, २०१७ साली नीटच्या सामायिक समुपदेशनातून प्रवेश देण्याऐवजी संस्थेने एम.बी.बी.एस.च्या १०० जागांपैकी केवळ एकच जागा भरली. पुढे एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीट अल्पसंख्याक संस्थांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. मुलाखत असावी की नसावी, हा वाद मोठा आहे आणि तो सोडविण्याची माझी पात्रता नाही. परंतु मुलाखत घेणाऱ्यांचा अंदाज तरी कितपत खरा ठरतो, याविषयी मी जे वाचले ते आपणांस सांगावेसे वाटते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन येथे एक वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९७९ साली त्यांनी सुमारे ८०० उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची क्रमवारी लावली आणि १५० जागा भरल्या. हे सर्व विद्यार्थी पहिल्या साडेतीनशेतील होते. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० विद्यार्थी घेण्यास सांगितले. तोपर्यंत वरच्या क्रमांकाची मुले इतरत्र गेली होती. तेव्हा यादीच्या तळातून, म्हणजे ७०० ते ८०० या क्रमांकांतून, ५० जणांना बोलाविण्यात आले. ज्यांना नकार पचवावा लागला होता, त्यांनाच बोलावणे आले. पुढे या दोन्ही गटांच्या अभ्यासाची, रुग्णसेवेतील कामाची आणि शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांच्या प्रमाणाची तुलना करून १९८७ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मित्रांनो, नकाराचे पत्र हातात घेऊन "मी डॉक्टर होण्याच्या लायकीचाच नाही" असे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला ही हकिकत सांगावी. १९७८ साली ती मला सांगणारे कोणी नव्हते. आणि असते तरी ती घडायला अजून एक वर्ष होते!

दुसरी हकिकत कॅनडातील टोरांटोची. तेथील विद्यापीठातील २००४ ते २००९ या काळातील २,९२६ उमेदवारांच्या मुलाखतींचे गुण तपासले असता पावसाळी दिवशी मुलाखत झालेल्यांना थोडे कमी गुण मिळाल्याचे आढळले. फरक सुमारे एक टक्क्याचा. पण काठावरच्या उमेदवाराला तेवढाही पुरे. आता आपण कोकणातील माणसे. आपल्याकडे प्रवेशाचा हंगाम आणि पावसाचा हंगाम एकच. पावसाचा दोष आपण मुलाच्या माथी मारायचा काय? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने एकच लांब मुलाखत घेण्याऐवजी आठ-आठ मिनिटांच्या अनेक छोट्या मुलाखती, प्रत्येक वेळी निराळ्या परीक्षकासमोर, घेण्याची पद्धत काढली आणि पुढे ती अनेक देशांत गेली. एका माणसाच्या मतावर फार भार टाकू नये, हे परीक्षकांनाच पटले आहे. मग त्या माणसाच्या एका हास्यावर आपण किती भार टाकावा?

आता माझा दुसरा प्रसंग. २०२३ साली माझ्या धाकट्या भावाची मुलगी नीट चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिला पुण्याला ए.एफ.एम.सी.च्या मुलाखतीचे बोलावणे आले. भर पावसात बापलेक गेले आणि रात्री परतले. मुलीचे डोळे सुजले होते. मुलाखत आठ-दहा मिनिटांत संपली होती. वैद्यकशास्त्राचे काही विचारलेच नाही. पनवेलची म्हटल्यावर कर्नाळा किल्ल्याची उंची विचारली, ती तिला सांगता आली नाही. आणि एका सदस्यांनी मध्येच घड्याळ पाहिले. "काका, माझ्याकडे बघवेना म्हणून त्यांनी घड्याळ बघितले," असे ती म्हणाली. घरात दोन तट पडले. तिची आई म्हणे, लवकर सोडले म्हणजे संपले. माझा भाऊ म्हणे, "दादा, पसंत पडली म्हणूनच लवकर सोडले." तो दिवसभर फोनवर इतर पालकांकडून माहिती जमवीत होता. कोणाला पंधरा मिनिटे, कोणाला सात मिनिटे, कोणाला कुटुंबाविषयी विचारले, कोणाला नाही. वहीत त्याचे तक्तेच्या तक्ते झाले होते.

त्या तक्त्यांत मला माझ्या वडिलांचा चेहरा दिसला. मी सर्वांना दुकानात बोलाविले आणि भावासमोर, पुतणीसमोर प्रथमच त्या पांढऱ्या कोटाची हकिकत सांगितली. भाऊ तेव्हा लहान होता. खाकी कोट त्याला आठवत होता, परंतु तो मुळात पांढरा होता हे त्याला ठाऊक नव्हते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी विचारले, "राज्याच्या प्रवेशफेरीचा पसंतिक्रम भरला का?" भरला नव्हता. मुदतीचे दोनच दिवस उरले होते. मुलीला वाटत होते, सर्वच संपले. भावाला वाटत होते, गरजच नाही. निराशा आणि आशा या दोघी एरवी कट्टर वैरिणी, पण फॉर्म न भरण्याच्या कामी त्यांचे एकमत झाले होते.

आम्ही तिथेच बसून यादी केली. तिला मुंबईखेरीज काही लिहायचे नव्हते. मी म्हणालो, "बाळ, ज्या कॉलेजात जायला तू तयार आहेस ती सर्व लिही, आणि जास्त आवडते ते वर लिही. खाली लिहिलेल्यामुळे वरचे जात नाही." अलिबागचे शासकीय महाविद्यालय २०२१ साली सुरू झाले, तेही लिहिले. रत्नागिरी लिहिले, सिंधुदुर्ग लिहिले, मराठवाडा, खानदेश, विदर्भ सर्व लिहिले.

पुढे पुण्याची यादी लागली. तिचे नाव निवड यादीत नव्हते. प्रतीक्षा यादीत होते. ती यादी तिच्या क्रमांकापर्यंत पोहोचली नाही. परंतु राज्याच्या दुसऱ्या फेरीत तिला मराठवाड्यातील एका शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली आणि आज ती तेथे शिकत आहे. त्या सदस्यांनी घड्याळ का पाहिले, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. ते कधीच कळणार नाही. आणि कळले नाही म्हणून कोणाचे काही अडलेलेही नाही.

प्रतीक्षा यादीविषयी दोन शब्द, कारण आज मुलाखत नसली तरी ही यादी प्रत्येकाच्या वाट्याला येते. लग्नसराईत काही मंडळी दोन दुकानांत कापड बाजूला काढून ठेवतात. एका ठिकाणी घेतले की दुसरीकडचे मोकळे होते आणि मागच्या गिऱ्हाइकाला मिळते. प्रवेशाच्या फेऱ्या अशाच चालतात. एकाच मुलाचे नाव अखिल भारतीय कोट्यात असते, राज्याच्या यादीत असते. तो एक जागा घेतो, दुसरी सोडतो, आणि यादी सरकते. ती किती सरकेल हे इतरांच्या निर्णयांवर अवलंबून असते, तुमच्या गुणवत्तेवर नव्हे. म्हणून प्रतीक्षा यादीला आशाही म्हणू नये आणि अपमानही म्हणू नये. तो रांगेतला एक क्रमांक आहे. मात्र नियम बारकाईने वाचा. मिळालेली जागा कायम ठेवत असल्याचा अर्ज भरला की पुढील फेऱ्यांतून नाव वगळले जाते; पुढच्या फेऱ्यांत जागा सोडली तर अनामत बुडू शकते. हे नियम दरवर्षी थोडे बदलतात. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाचा गतवर्षीचा अनुभव प्रमाण न मानता त्या वर्षीची माहितीपुस्तिका प्रमाण मानावी.

वाट पाहणे कधी आपल्या हाताबाहेर लांबते. २०२४ साली नीटचा निकाल ४ जूनला लागला आणि पेपरफुटीच्या तक्रारी, १,५६३ विद्यार्थ्यांचे वाढीव गुण, फेरपरीक्षा या सर्वांतून २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द करण्यास नकार देईपर्यंत सुमारे २४ लाख घरांनी श्वास रोखून धरला होता. त्या काळात आमच्या दुकानात येणारे पालक कापड पाहायचे आणि बोलायचे नीटविषयी. कोणाच्याच हाती काही नव्हते. परंतु त्या सात आठवड्यांत ज्या मुलांनी कागदपत्रे जमविली, दाखले काढले, दुसरे अर्ज भरले, त्यांना पुढे धावपळ करावी लागली नाही.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती अशी आहे. मूल मुलाखतीहून परतले की प्रथम त्याला जेवायला वाढा. काय विचारले, ते कसे पाहत होते, हसले का, ही उलटतपासणी करू नका. त्या प्रश्नांतून निकाल कळत नाही. मुलाला एवढेच कळते की, आपल्यापेक्षा आई-वडील अधिक घाबरले आहेत. नातेवाइकांत आधी वार्ता पसरवू नका, कारण नंतर तीच वार्ता परत घेताना मुलाला मान खाली घालावी लागते. आणि या दिवसांत "आतली बातमी" सांगणाऱ्यांपासून सावध राहा. पालक अधीर असतात हे त्यांना पक्के ठाऊक असते. जागा पक्की करून देतो, फक्त थोडी रक्कम आधी द्या, असे सांगणारा माणूस माल न दाखविता विसार मागत असतो. अशाला आपण बाजारात उभे करीत नाही. घरात का करावे?

विद्यार्थ्यांना सांगेन, मुलाखत झाली त्या संध्याकाळी तुम्हाला विचारलेले प्रश्न आणि न आलेली उत्तरे एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या मुलाखतीला ती उपयोगी पडतील. तो कागद मिटला की तो विषय मिटला. दुसऱ्या दिवसापासून हातात जे आहे ते करा : दुसरा अर्ज, तिसरा अर्ज, दाखले, आणि पुन्हा परीक्षा देण्याचा विचार असेल तर अभ्यास. दुसरा अर्ज भरणे म्हणजे पहिल्या स्वप्नाशी बेइमानी नव्हे. मला अठराव्या वर्षी तसे वाटले होते आणि ते चूक होते. आशा मनात भरपूर बाळगा. फक्त तिच्या भरवशावर कुठल्याही अर्जाची तारीख जाऊ देऊ नका.

आणि निर्णय आला की तो जागांविषयीचा निर्णय म्हणून वाचा. इतक्या जागा, इतके उमेदवार, त्या दिवशीचे हे गुण, एवढाच त्याचा अर्थ. त्यात तुमच्या आयुष्याची किंमत लिहिलेली नसते.

माझी पुतणी सुट्टीत घरी आली होती. दुकानात येऊन तिने पांढऱ्या ड्रिलचे कापड मागितले. कॉलेजात घालायला आणखी एक कोट हवा होता. मी ताग्यावरून कापड फाडून दिले. पैसे घेतले नाहीत. पण बिल मात्र फाडले. ती हसली. तिला कारण ठाऊक होते.

  ज्या मुला-मुलींचे निकाल आज-उद्यावर आले आहेत, त्या सर्वांना शुभेच्छा देतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.